तिसरी लाल रेघ

आमचं केंद्र बंद करायचा हुकूम आला तो आम्ही नापास झालो म्हणून नाही, पैकीच्या पैकी गुण मिळाले म्हणून. पत्रात तसंच लिहिलं होतं. वाकदरी येथील दिवस-केंद्रातील चौदाही व्यक्ती सलग एकशे ऐंशी दिवस हिरव्या रेषेवर आहेत, सबब अभिनंदन. सबब केंद्राची आवश्यकता उरलेली नाही. सबब महिनाअखेर जागा रिकामी करावी. हा 'सबब' शब्द ज्यानं काढला त्याचं तोंड मला एकदा बघायचं आहे.

मी कांचन तायडे, या केंद्राची सेविका. सहा वर्षं झाली. त्याआधी मी अंगणवाडीत होते, आणि मनाच्या आजाराबद्दल मला जे काही कळत होतं ते एकाच माणसापायी, माझ्या थोरल्या भावापायी. देवीदासदादा शाळेत शिपाई होता. बत्तिसाव्या वर्षी त्याला आवाज ऐकू यायला लागले, आणि तीन-चार वर्षांच्या धावपळीनंतर घरच्यांनी त्याला मोठ्या इस्पितळात ठेवला. ठेवला तो अकरा वर्षं तिथंच राहिला. दर दिवाळीला मी चिवडा घेऊन जायची, जाळीतून द्यायची आणि बसमध्ये रडत परत यायची.

मग पुनर्रचनेचा कायदा आला. तो वाईट होता असं मी कधीच म्हणणार नाही. त्या कायद्यानं जाळ्या निघाल्या, जुने वॉर्ड रिकामे झाले, माणसं आपापल्या गावी आली. दादा माझ्या घरी आला. इस्पितळावरचा खर्च तालुक्यातल्या केंद्रांकडे वळला, आणि वाकदरीच्या बंद पडलेल्या जिनिंगच्या शेडमध्ये आमचं केंद्र उघडलं. तिथं काय करायचं ते मात्र कायद्यात नव्हतं. जिल्ह्याहून रंगीत कागद आले, चेंडू आले, आनंदी चेहऱ्यांचे तक्ते आले. तीन दिवस सगळे चेंडूकडे बघत बसले. चौथ्या दिवशी मी घरचा गहू नेला आणि प्रत्येकासमोर सूप ठेवलं.

आता यंत्रानं निवडलेलं धान्य पाकिटात मिळतं, पण शेतातल्या गव्हाला ते यंत्र कुठून येणार? गावातल्या बाया पोतीच्या पोती पाठवायला लागल्या. शेडमध्ये गोल करून बसायचं, नजर सुपात, बोटं दाण्यांत, आणि कुणी कुणाला काही विचारायचं नाही, हा आमचा नेम झाला. डॉक्टर समोर बसून डोळ्यांत बघून विचारतो तेव्हा ज्यांच्या तोंडून शब्द फुटत नाही, ती माणसं खडे वेचता वेचता आपणहून बोलायची. दादा तर गेल्या जन्मीचं साठलेलं असावं तसा बोलायचा.

दोन वर्षांपूर्वी या सगळ्यात कानोसा नावाचं यंत्र आलं. माझी लेक ऋतुजा जिल्ह्याच्या आरोग्य कक्षात त्याच कामावर आहे. आमची वऱ्हाडी बोली त्या यंत्राला तिनंच शिकवली, म्हणून त्याची भानगड मला घरबसल्या समजली. आपण बोलतो तेव्हा घशातल्या दोन पट्ट्या थरथरतात. त्यांना ताणणारे स्नायू ज्या नसेच्या ताब्यात असतात, तीच नस पुढं छातीकडे आणि पोटाकडे जाते. झोप मोडली, धास्ती वाढली, मन खचायला लागलं की माणसाला कळायच्या आधी त्याच्या आवाजाला कळतं. दोन शब्दांमधलं थांबणं लांबतं, चढउतार सपाट होतो किंवा भलताच वाढतो, थरथरीचा ठेका बदलतो. आपल्या कानाला हे ऐकू येत नाही.

यंत्राला येतं. कानोसा दररोज फोन करून सहा मिनिटं गप्पा मारतो. काय बोललात याच्याशी त्याला कर्तव्य नसतं, भेंडीच्या भाजीबद्दल बोललात तरी चालतं. तो आजचा आवाज तुमच्याच मागच्या तीन महिन्यांच्या आवाजाशी ताडून बघतो आणि रेघ काढतो. हिरवी म्हणजे ठीक. पिवळी म्हणजे सेविकेनं एका दिवसात घरी जाऊन यावं. लाल म्हणजे आठ-दहा दिवसांत आजार उलटणार. शंभरात सत्त्याऐंशी वेळा तो बरोबर येतो, आणि हे मी डोळ्यांनी बघितलं आहे. त्याच्यामुळं दोघं वेळेवर वाचली.

सुरुवातीला मात्र सगळे त्याला भ्यायले. बेबीताई एकाहत्तर वर्षांच्या. त्यांनी फोन पिठाच्या डब्यात पुरून ठेवला. म्हणून मी एक शहाणपणा केला. सगळ्यांच्या फोनची वेळ सकाळी अकरापासून लावून घेतली, म्हणजे सगळे शेडमध्ये असताना. एकेकाचा फोन वाजायचा, मोठ्या आवाजावर ठेवायचा, आणि पुण्याच्या सुनेशी बोलावं तसे सगळे मिळून कानोसाशी बोलायचे. हारूनभाई आमचे शिंपी, ते त्याला रोज नवीन शेर ऐकवायचे. भीती गेली. मला वाटलं, काय डोकं लावलं आपण.

हुकूम आल्यावर मी पहिल्या बसनं ऋतुजाकडे गेले. तिनं पडद्यावर चौदा जणांच्या सहा महिन्यांच्या रेघा उघडल्या आणि वरपासून खालपर्यंत तपासल्या. मग तिनं वेळेच्या रकान्यावर बोट ठेवलं. अकरा, अकरा वाजून आठ, सव्वाअकरा. तिच्या चेहऱ्यावरून मला कळलं की मी काहीतरी करून बसले आहे.

"आई, यंत्र खोटं बोललं नाही," ती म्हणाली. "तू त्याला हे लोक अकरालाच दाखवलेस. दिवसातल्या सगळ्यात चांगल्या वेळेला, सगळ्यात चांगल्या जागी."

म्हणजे केंद्रात बसून मोजलेल्या आवाजावरून केंद्राची गरज नाही असं ठरलं होतं. पोट भरल्यावर विचारायचं, भूक आहे का, आणि नाही म्हटलं की ताट उचलायचं. मी हसले, मग मला राग आला, मग माझीच चूक म्हणून तो राग कुठं ठेवावा ते कळेना.

हरकत घेता येत होती. त्याचा नियम ऋतुजानं वाचून दाखवला. केंद्र एकवीस दिवस बंद ठेवायचं, फोन सकाळी सातला घरी घ्यायचे. चौदापैकी तिघं जरी लाल रेघेवर गेले तरी केंद्र आवश्यक ठरतं आणि पुढच्या वर्षीच्या फेरतपासणीपर्यंत चालू राहतं. तिनं मला दोनदा बजावलं की पिवळी रेघ आली की घरी जायचं, बसायचं, बोलायचं, त्यात कसूर करायची नाही. मी हो म्हणाले. हो म्हणतानाच मला दिसत होतं की मी जाऊन बसले तर आवाज सुधारणार, आणि आवाज सुधारला तर केंद्र जाणार.

शेडला कुलूप लागलं. गावातल्या बायांना मी धान्य पाठवू नका म्हणून सांगितलं. चौदा जणांनाही सांगितलं की तिघांच्या रेघा खाली गेल्या तर पुन्हा उघडेल. लपवण्यासारखं काय होतं त्यात? पहिले चार दिवस सगळ्यांचं हिरवंच आलं आणि माझा जीव खालीवर व्हायला लागला. काय वेळ होती बघा. ज्या माणसांना मी सहा वर्षं जपलं ती बरी आहेत हे बघून मी उरलेले दिवस मोजत होते.

पाचव्या दिवशी बेबीताई पिवळ्या झाल्या. मी त्यांच्या दारापर्यंत गेले. आत त्या जात्यापाशी नुसत्या बसल्या होत्या, चूल पेटलेली नव्हती. मी हाक मारली नाही. अंगणातूनच वळले आणि टॅबवर 'भेट दिली' असं लिहिलं. नवव्या दिवशी त्या लाल झाल्या. हारूनभाईंचं तसंच झालं, तेरावा दिवस उजाडला तोवर. त्यांच्या बायकोचा मला फोन आला की हे रात्रंदिवस मशीनचं पायडल मारतात, सुईत दोरा नसतो. मी डॉक्टरांना कळवलं, औषध वाढवून घेतलं, पण मी स्वतः गेले नाही. घरी बसून राहायला मला इतके कष्ट कधी पडले नव्हते. मी भांडी घासलेली पुन्हा घासत होते.

आता एकच हवी होती. एक लाल रेघ. बाकीचे पिवळ्यावर अडकून होते, आणि दादा तर हिरवाच. तो सकाळी उठायचा, जिनिंगच्या रस्त्यानं जायचा, कुलूप बघून परत यायचा. दिवसातून सहा-सात फेऱ्या. घरात असला की उंबऱ्यापासून मोरीपर्यंत चालत राहायचा. मी त्याला म्हणायची, बस ना दादा. तो बसायचा आणि लगेच उठायचा.

सोळाव्या दिवशी त्यानं सदऱ्यावर सदरा घातला. आमच्या घरात याचा अर्थ सगळ्यांना माहीत आहे. आजार उलटायच्या आधी दादाला उघडं पडल्यासारखं वाटतं, आणि तो कपड्यावर कपडे चढवायला लागतो. मी स्वतःला सांगितलं की थंडी पडली आहे. सतराव्या दिवशी तीन सदरे होते, तरी मी थंडीचंच नाव घेतलं. रेघ पिवळी आली. मी टॅबवर लिहिलं, भेट दिली. माझ्याच घरात राहणाऱ्या माणसाला.

अठराव्या दिवशी सकाळी चहाचा कप त्याच्यापुढं ठेवला तर तो मान वर न करता म्हणाला, "कांचन, मी बिमार पडलो तं केंद्र उघडते ना वं?"

मी विचारलं, असं का म्हणतोस. त्यानं वरचे दोन सदरे बाजूला करून आतल्या खिशातून कागदाची पुडी काढली आणि उघडून माझ्यापुढं धरली. आत त्याच्या गोळ्या होत्या. सहा दिवसांच्या.

"बेबीताई झाली, हारूनभाई झाला. एकच उरली व्हती," तो म्हणाला. "आन् मले तं सवय हाय."

मी त्याच्या थोबाडीत मारली असती असं मला वाटलं, आणि त्याच क्षणी त्याच्या पायावर डोकं ठेवावंसं वाटलं. यातलं काहीच केलं नाही, कारण सात वाजले आणि फोन वाजला. दादानं तो उचलून हातात धरला. माझ्याकडे बघून त्यानं विचारलं, "सांग. कसं बोलू?"

फोन बंद करणं माझ्या हातात होतं. मी त्याच्याजवळ बसले असते, डब्यातले मूठभर गहू ताटात टाकले असते, तर कदाचित रेघ पिवळ्यावरच राहिली असती. मी यातलं काही केलं नाही. मी म्हणाले, बोल दादा, जसं येईल तसं. तो सहा मिनिटं बोलला, भाजीबद्दल, थंडीबद्दल, आणि छपरावर बसून कुणीतरी त्याचं नाव घेतं त्याबद्दल. मग मी त्याला गोळी दिली आणि डॉक्टरांना फोन केला. सात वाजून नऊ मिनिटांनी टॅबवर लाल रेघ आली. आणि खोटं कशाला सांगू, मला सुटल्यासारखं वाटलं.

गोळ्या सुरू झाल्या तरी आजार थांबत नसतो. दादा बावीस दिवस तालुक्याच्या दवाखान्यात होता. त्यातले चार दिवस त्यानं मला ओळखलं नाही. मी डबा घेऊन गेले की तो नर्सला म्हणायचा, ही बाई जाळीतून आत कशी आली? तिथं जाळी नव्हती. ती इस्पितळातल्या त्या अकरा वर्षांची होती, आणि तिच्याआड मी त्याला पुन्हा नेऊन बसवलं होतं.

केंद्र उघडलं. ऋतुजानं फोनवर अभिनंदन केलं, मी गोळ्यांचं तिला काही सांगितलं नाही. बायांनी तुंबलेलं धान्य पाठवलं, हारूनभाईंच्या बायकोनं सगळ्यांना शिरा केला. दादा यायला लागला तेव्हा बारीक झाला होता, बोलत नव्हता, पण सूप घेऊन बसायचा. बेबीताईंचा रंग परतला. आठ-दहा दिवसांत सगळं सुरळीत दिसायला लागलं. मला मात्र शेडमध्ये बसवेना. त्यांची बोटं दाण्यांत चाललेली बघितली की उठून बाहेर जावं वाटायचं.

एके दिवशी मी पाणी भरून आत आले तर सगळे एकदम गप्प झाले. हारूनभाईंनी एक कागद सुपाखाली सरकवला. मी नेम मोडून विचारलं, काय आहे. मग बेबीताईंनीच तो काढून माझ्या हातात दिला, कौतुकानं, जशी काही माझी काळजी मिटवली.

कॅलेंडरच्या मागच्या बाजूवर हारूनभाईंच्या वळणदार अक्षरात यादी होती. पुढच्या पाच वर्षांची. दर वर्षी तीन नावं. बाया भिशीचे नंबर लावतात तसे त्यांनी आजारी पडायचे नंबर लावले होते. फेरतपासणी कार्तिकात असते, म्हणून पाळी असेल त्यानं दसऱ्यापासून गोळ्या बंद करायच्या. ज्याच्या घरी लहान पोरं आहेत त्याला मधली वर्षं. एका बाईचं नाव खोडून पुढं ढकललं होतं, कारण पुढच्या वर्षी तिच्या मुलीचं लग्न होतं. आणि खाली वेगळं लिहिलं होतं: देवीदासभाऊंना सुट्टी, त्यांचं झालं.

पहिलं नाव बेबीताईंचं होतं. मी त्यांच्याकडे बघितलं.

"म्या म्हनलं माहा नंबर पयले लावा," त्या म्हणाल्या. "मी म्हतारी. फुडच्या सालापर्यंत रायली तं रायली. माह्यावाला नंबर वाया जाऊ नये."

कुणावर ओरडणार? यांना हे शिकवलं कुणी? मी दारातून वळले तेव्हाच यांनी ते शिकून घेतलं होतं. दादा खाली मान घालून खडे वेचत होता, आणि यादीतली सगळी माणसं त्याच्याकडे मोठ्या आदरानं बघत होती.

दुसऱ्या दिवशी मी तो कागद घेऊन ऋतुजाकडे गेले आणि सगळं सांगितलं. न दिलेल्या भेटी, तीन सदरे, गोळ्यांची पुडी, सात वाजताचा फोन. दादामामाच्या खांद्यावर बसून ती शाळेत गेलेली नाही, तो आला तेव्हा ती कॉलेजात होती. पण त्याच्याच आवाजावर तिनं यंत्राला पहिले शब्द शिकवले होते. ती उठून खिडकीपाशी गेली, परत आली, खुर्ची ओढली, बसली नाही.

"बाकीच्या तालुक्यांतूनही हरकती आल्यात," ती शेवटी म्हणाली. "भराभर लाल रेघा येताहेत. मी खूश होते, म्हटलं केंद्रं वाचली. आता प्रत्येक रेघेपुढं मला विचारावं लागेल, हा आजारी पडला, की गावासाठी पडला? यंत्राला ते कळत नाही, आई. आवाज दोन्हीकडे सारखाच असतो."

मी म्हणाले, कागद हरकती ऐकणाऱ्या समितीपुढं ठेव. ती म्हणाली, केंद्र त्याच दिवशी बंद होईल. मी म्हणाले, नाही ठेवलास तर दसऱ्याला बेबीताई गोळ्या सोडतील. तुझी नोकरी, तिनं विचारलं. मी तिला सांगितलं की न दिलेल्या भेटी माझ्या नावावर लिही, तारखांसकट. तिनं लिहून घेतल्या. लिहिताना तिनं माझ्याकडे एकदाही बघितलं नाही, आणि ते बरं झालं.

सुनावणी येत्या गुरुवारी आहे. समितीनं चौदाही जणांना बोलावलं आहे. आज अकराला मी शेडमध्ये सगळ्यांना सांगितलं की बसनं जायचं आहे, सकाळी जेवून यायचं, गोळ्या माझ्यासमोर घ्यायच्या, आणि तिथं विचारतील ते खरं सांगायचं. यादी मी नेऊन दिली हेही सांगितलं. हारूनभाई हिरमुसले. दादानं पहिल्यांदाच मान वर करून माझ्याकडे बघितलं.

बेबीताई मात्र विचारात पडल्या. बरं दिसलं तर केंद्र जातं हे त्यांनी एकदा बघितलं होतं. आजारी दिसलं तर ते टिकतं हेही बघितलं होतं. त्यांनी सूप खाली ठेवलं आणि लग्नाला कोणतं लुगडं नेसू असं विचारावं तितक्या साधेपणानं मला विचारलं, "मंग कांचन, थितं बरं दिसाचं का बिमार?"

तेरा जणांचे हात थांबले. सगळे माझ्या उत्तराची वाट बघत होते. मी सहा वर्षं त्यांच्या सगळ्या प्रश्नांना उत्तरं देत आले होते. मी बेबीताईंनी खाली ठेवलेलं सूप उचललं आणि त्यांच्याजवळ बसून खडे वेचायला लागले.